आहेर नसलेली सीडी

ये गं, अशी जवळ ये बघू. लांबनं काय बोलतेस, त्या फोनातनं? "आत्या, ती कॅसेटीची पट्टी कुरिअरनं पाठव, मी इकडं मशीनवर लावून बघते." पाठव म्हणे! कुरडया आहेत का त्या, डब्यात भरून पाठवायला? दोन दिवाळ्या झाल्या, तुझं तोंड बघितलं नाही. पुण्यात बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी पुसतेस, संगणकात भरून ठेवतेस, कुठल्या कुठल्या गावच्या भजनी मंडळांची तुला काळजी. आणि इथं इंदापुरात, हमरस्त्यापासनं हाकेच्या अंतरावर तुझी सख्खी आत्या बसलीय, तिच्या दारात उतरायला तुला सवड नाही. दिवसाला किती यष्ट्या जातात सोलापूरकडं, एखादीत बसली असतीस तर काय झालं असतं?

राग धरलेला नाही. बोलायचं ते बोलले, झालं. आता ऐक. पट्टी मागतेस तर ती कशाची आहे ते आधी कळू दे तुला. तुझ्या बापानं तुला अर्धंच सांगितलंय. पुरतं त्याच्यानं सांगवत नाही. तो बोलायला लागला की मध्येच उठून विहिरीवरची मोटार बघायला जातो. म्हणून मीच लिहिते. मी काही शिकलेली बाई नव्हे. वाण्याच्या पुडीचा कागद वाचत वाचत अक्षरं जोडायला शिकले, त्यामुळं जसं बोलते तसंच लिहिते. तेवढं चालवून घे.

तुझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, कऱ्हाटीत वांगी-गवारी करायचे, थोडा जोंधळा करायचे. तसे साधेच. पण लग्नसराई आली की माणसं त्यांना बैलगाडीतनं नाहीतर फटफटीवर बसवून न्यायची. का? तर आहेर पुकारायला. तुमच्या हॉलमधल्या लग्नांत आता पाकिटं देतात आणि जेवायला पळतात, म्हणून सांगते. तेव्हा अक्षता पडल्या की नवरा-नवरीला खुर्च्यांवर बसवायचं, आणि एकेक पाहुणा पुढं येऊन आहेर करायचा. टॉवेल-टोपी, खण-नारळ, स्टीलची भांडी, भिंतीवरचं घड्याळ. आणि माईक धरून एकानं सगळ्या मांडवाला सांगायचं, की हा कोण, कुठला, याचं नातं काय आणि यानं काय आणलं. कर्णा झाडाला बांधलेला असायचा. शिवारातल्या माणसालाही कळायचं की अमक्याचा आहेर झाला.

पुकारणारे पुष्कळ होते. पण आबांचं वेगळं. आधी माईकवर बोटानं टिचकी, मग "हांऽऽ" असा एक लांब सूर, मग जरा थांबायचे. मांडवातली पोरं रडायची थांबायची तेवढ्यात. आणि मग नाव, बापाचं नाव, गाव, नातं, सगळं सावकाश, एकेक शब्द ठेवत ठेवत. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. मध्येच चेष्टा. कुणी मामानं घड्याळ दिलं की, "मामाकडनं भिंतीवरचं घड्याळ! म्हंजी जावईबापू, आता घरी येळेवर यायचं, सबब चालायची न्हाय!" टॉवेल मोठा असला की, "टावेल लांब हाय, नवरदेव आखूड हाय, दोघांत पुरंल!" हसून हसून बायकांचे पदर तोंडाला.

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. खुरपायला येणारी एखादी म्हातारी लाजत लाजत पुढं यायची, हातात नुसता नारळ. दुसरा कुणी पुकारणारा असला तर म्हणायचा, "नारळ एक, चला पुढं." आबा तसं कधी करत नव्हते. तिचं नाव विचारून घ्यायचे, तिच्या बापाचंसुद्धा विचारायचे, आणि शालजोडीला जेवढा लांब सूर लावला तेवढाच नारळाला लावायचे. "भरल्याऽऽ शेंडीचा नारळ!" म्हातारी जागेवर उंच व्हायची बघ. मी एकदा विचारलं, "आबा, नारळाला एवढं कशाला?" तर म्हणाले, "ज्यानं शाल आणली त्याच्याकडं शाल हाय की दाखवायला. हिच्याकडं माझ्या आवाजाबिगर काय हाय?"

आता तुझ्या आईबापाचं लग्न. नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झालेली. लग्न तुझ्या आजोळी, इंदापूरच्या अलीकडं, नवरीच्या दारात. तेव्हा नुकतंच व्हिडिओ शूटिंगचं खूळ आलं होतं. तुझ्या बापानं हट्ट धरला, म्हणून बारामतीहून शूटिंगवाला आणला. त्याच्या खांद्यावर कॅमेरा, आणि मागनं एक जण लांबलचक वायरचा झगझगीत दिवा धरून. त्या दिव्याचा उजेड तोंडावर पडला की बायका डोळे मिटायच्या, नाहीतर पाठ फिरवायच्या. कॅसेटीत अर्ध्या पाहुण्यांच्या पाठीच होत्या.

आहेराची वेळ झाली. पुकारायला नवरीकडचा एक गडी होता. तो सुरू झाला, "टावेल एक, टोपी एक..." असा, जसा काही बाजारात पाट्या मोजतोय. आबा वरबाप. फेटा बांधून व्याह्यांच्या शेजारी बसलेले. मी बघत होते त्यांच्याकडं. पहिल्या आहेराला त्यांचा पाय हलायला लागला, दुसऱ्याला हात. तिसऱ्याला उठले आणि सरळ त्या गड्याच्या हातातनं माईक घेतला. मांडवात हशा पिकला. आई, म्हणजे तुझी आजी, शरमेनं लाल. नवरीच्या बाजूला येऊन दातओठ खात म्हणाली, "आवं, तुमी वरबाप हाय का भोंगेवाला?" आबांनी माईकवर हात ठेवून सांगितलं, "पोराचं लगीन एकदाच हाय. ह्येचा आहेर दुसरा कुणी असा मोजून टाकतोय, आन् मी बसून बघू व्हय?"

मग आई शूटिंगवाल्याकडं गेली. "बाबा, ह्यांच्यावर नको रं लाईट मारू. व्याही कॅसेट बघत्याल, म्हणत्याल ह्येंच्याकडं वरबापालाच भोंगा धराय लावत्यात." शूटिंगवाला मान हलवून म्हणाला, "न्हाय मारत." आणि त्यानं शब्द पाळला. सगळा आहेर त्यानं घेतला, एकूण एक माणूस, पण आबा त्यात कुठं नाहीत. नुसता त्यांचा आवाज.

कॅसेट महिन्याभरानं आली. तेव्हा त्यात मिक्सिंग करायची पद्धत होती. म्हणजे नवरीच्या तळहातावर नवरदेवाचा फोटो उगवायचा, बदामात दोघांची तोंडं फिरायची, आणि सगळ्या कॅसेटभर सिनेमातली गाणी. मंगलाष्टकावर गाणं, हळदीवर गाणं, जेवणाच्या पंगतीवरसुद्धा गाणं. माणसं बोलताना दिसायची पण ऐकू यायचं गाणंच. आम्हाला ते फार भारी वाटायचं. खरं सांगते, तेव्हा कुणाला वाटलं नाही की माणसांचा आवाज पुसला गेलाय. फक्त आहेराला त्यानं हात लावला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "आहेरावर गाणं घालून चालत न्हाय, ताई. ज्यानं दिला त्याला आपलं नाव ऐकायचं असतं. न्हाय आलं तर दुकानात येऊन भांडत्यात."

मग काही वर्षं ते व्हिडिओचं मशीन भाड्यानं आणून कॅसेट लावायची, सगळ्यांनी बघायची. पोरं आहेर आला की म्हणायची, "पळवा, पळवा!" बायका म्हणायच्या, "थांब रं, कुणी काय दिलं बघू दे." आणि आबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. आई मुद्दाम टोचायची, "बघा, स्वतःचंच ऐकून झोप लागली." तिला आतनं आवडायचं ते. कांदे निवडता निवडता "भरल्याऽऽ शेंडीचा" असं हळूच म्हणायची आणि कुणी बघितलं की गप्प.

तू रांगत होतीस तेव्हा आबांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. बारामतीच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस ठेवलं. जीव राहिला, थोडं चालायलाही लागले, पण वाचा गेली ती गेलीच. "अं, अं" एवढंच. ज्याचा आवाज सगळ्या शिवारात जायचा त्याला पाणी मागायला डावा हात हलवावा लागायचा. तुला त्यांचं एवढंच आठवत असेल, खाटेवर बसलेला, डाव्या हातानं तुझी वेणी ओढणारा म्हातारा. तुझ्या आजोबांचा आवाज तुला आठवणं शक्यच नाही, पोरी. तू मला पट्टी मागतेस ना, मला ठाऊक आहे का मागतेस.

आणि आईला तर रोज ऐकायचा होता. कॅसेट लाव म्हणून तुझ्या बापाच्या मागं लागायची. पण कॅसेटीला पांढरी बुरशी धरलेली. चित्र उड्या मारायचं, माणसं मधूनच कापल्यासारखी दिसायची. तेवढ्यात बारामतीत एकानं नवीन दुकान काढलं, कॅसेटीची सीडी करून द्यायचं. तुझ्या बापानं हौसेनं सीडीचं मशीन घेतलं. आबांना दवाखान्यात दाखवायचं होतंच, तेव्हा त्याच दिवशी कॅसेटही न्यायची ठरली. मी इंदापूरहून यष्टीनं बारामतीला गेले, आबा, आई आणि तुझा बाप, ही तिघं कऱ्हाटीहून आली.

दुकान थंडगार. चपला बाहेर काढायच्या. संगणकावर बाळंतिणीवर घालतात तसं पांढरं फडकं. दुकानदार पोरगेला पण बोलायला गोड. आबांना त्यानं स्वतःची खुर्ची दिली. कॅसेट वर धरून बघितली आणि म्हणाला, "बरं झालं आत्ताच आणलीत. अजून एक पावसाळा गेला असता तर काही उरलं नसतं. आता सीडी झाली की काळजी नाही, मावशी. हिला बुरशी लागत नाही."

मग त्यानं अडचण सांगितली. एका सीडीत साधारण तासाभराचं बसतं. कॅसेट मोठी. सगळं घ्यायचं तर तीन सीड्या होतील, एक संपली की दुसरी घालायची. आई लगेच म्हणाली, "तीन नको रं बाबा. दिसभर आमी दोघंच आसतो. ह्यांचा हात चालत न्हाय, मला त्यातलं कळत न्हाय. एकदा घातली की चालू व्हायला पायजे."

"मग काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सांगा," दुकानदार म्हणाला.

आईनं सांगितलं. मला तिचे शब्द जसेच्या तसे आठवतात. "ह्यांचं जेवढं हाय तेवढं समदं ठेव. बाकीचं ठेव न ठेव."

दुकानदारानं आबांच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. "हे काका ना? दिसतील तिथं तिथं ठेवतो." आई म्हणाली, "व्हय, हेच." दोघांनाही वाटलं, एकमेकांचं समजलं. आईच्या मनात "ह्यांचं" म्हणजे पहिल्यांदा आहेरच. तो तर सगळा ह्यांचाच. आणि त्या दुकानदाराच्या मनात "ह्यांचं" म्हणजे हे तोंड, हा फेटा, ही मिशी. त्याचं तरी काय चुकलं सांग?

तो कॅसेट पळवत पळवत बघायला लागला. पळवताना आवाज येत नाही, नुसती माणसं लुटुलुटु पळतात. हळद पळाली, वरात पळाली. मग आहेर आला. टॉवेल, टोप्या, घड्याळं, रांगच्या रांग. आणि आबांनी टेबलावर हात आपटला. डावा हात. "अं! अं!" करत पडद्याकडं, मग स्वतःच्या गळ्याकडं. पुन्हा आपटला. टेबलावरचा चहाचा कप कलंडला.

आईनं माझ्याकडं बघितलं. "ह्यास्नी जायचं आसंल बघ. दवाखान्यात लई पाणी पाजलंय." आता आजारी माणसाचं काय गं, आमचं सगळं लक्ष त्याच दोन-चार गोष्टींकडं. पाणी, औषध, लघवी. या माणसाला आणखी काही सांगायचं असेल हे घरातल्यांच्या डोक्यातनं कधी निघून जातं ते कळतही नाही. आम्ही दोघींनी त्यांना दोन्हीकडून धरून उठवलं. ते उठेनात. मान जोरजोरात हलवत होते. आई म्हणाली, "लाजताय कशाला, चला." बाहेर नेलं. मोरीपाशी उभे राहिले, काही केलं नाही, आणि आमच्याकडं नुसते बघत राहिले.

तेवढ्यात आत दुकानदारानं तुझ्या बापाला विचारलं, "आहेर काढू का? लांब आहे, आणि काका यात कुठंच दिसत नाहीत. सगळेच लोक आहेर काढतात." तुझा बाप नवरदेव. त्याला आहेर म्हटलं की काय आठवणार? घट्ट फेटा, घामेजलेला हार आणि जो येईल त्याच्या पाया पडून मोडलेली कंबर. पडद्यावर आवाज तर नव्हताच. म्हणाला, "काढा."

आम्ही आबांना घेऊन परत आलो तर काम ठरलेलं होतं. आबा खुर्चीत बसले ते मग हललेच नाहीत.

सीडी घरी आली, कॅसेटही परत आली. पण त्याच आठवड्यात डीपी जळाली. गावात लाईट नाही. सीडी देव्हाऱ्यात हळदकुंकू लावून ठेवलेली आणि बघायला मिळेना. इकडं शाळू, म्हणजे हिवाळी जोंधळा, हुरड्यात आलेला. भोरड्यांचे थवेच्या थवे उतरायचे, काळीगुलाबी पाखरं, एकदा बसली की कणसं धुऊन नेतात. तुला ठाऊक आहे का, तेव्हा शिवारात सगळे जुन्या कॅसेटीची पट्टी ताणायचे. काठ्या रोवायच्या आणि या काठीवरनं त्या काठीवर पट्टी. वारं सुटलं की ती "घुंऽऽ" करते, पाखरू बसत नाही. गाण्याच्या कॅसेटीची पट्टी बारीक, व्हिडिओची रुंद, तिचा आवाज मोठा. लोक मागत फिरायचे, "व्हिडिओची हाय का एखादी जुनी?" आणि दुकानदारानं सांगितलेलंच होतं की आता कॅसेटीचं काम राहिलं नाही. आईनं स्वतःच्या हातानं स्क्रू काढले, पट्टी उलगडली आणि सगळ्या शाळूवर ताणून घेतली. संध्याकाळी आबांना सांगत होती म्हणे, "यंदा पाखरू न्हाय बसायचं. लई लांब निघाली वं तुमच्या पोराच्या लग्नाची पट्टी."

लाईट आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. आबांना खाट पुढं ओढून बसवलं. शेजारची चुलतीही आली. सीडी लागली. चित्र कसं स्वच्छ! चुलती म्हणाली, "आगं बाई, मी किती बारीक व्हते!" आई म्हणाली, "व्हय, तवा जेवण तुमच्या घरी व्हत न्हवतं का?" सगळे हसले. आबा दिसले. फेटा बांधताना, व्याह्यांना मिठी मारताना, पंगतीत वाढताना. वाढताना तोंड हलत होतं, कुणाला तरी आग्रह करत होते. आवाज मात्र सिनेमातल्या बाईचा.

आई वाट बघत बसलेली. मांडीवर दोन्ही हात. गाणं संपलं, दुसरं लागलं. वरात निघाली, नवरीची पाठवणी झाली, रडारड झाली, त्यावरही गाणं. मग पडदा निळा.

"आहेर?" आई म्हणाली.

तुझा बाप म्हणाला, "आहेर काढला न्हवं का आई. त्यात आबा न्हाईत."

"न्हाईत?" ती एवढंच म्हणाली. मग पुन्हा, सावकाश, "आहेरात हे न्हाईत?"

तुझ्या बापाचं तोंड मी बघितलं. त्याला त्या क्षणी कळलं. आबांकडं बघायला लागला. आबांनी डावा हात उचलला, खाटेच्या माच्यावर एकदाच हळू आपटला, दुकानातल्यासारखा, आणि खाली ठेवला. तेव्हा मलाही दुकानातला तो हात कळला. चुलती बिचारी उगाच म्हणाली, "कॅसेट हाय की. पुन्हा करता येईल." बाहेर वारं सुटलेलं होतं. शाळू घराला लागूनच. घुंऽऽ, घुंऽऽ.

आई उठली ती सरळ वावरात. आम्ही मागनं. तुझ्या बापानं आबांना धरून बांधावर आणून बसवलं, त्यांनी हट्टच धरला. आई एकेका काठीवरनं पट्टी सोडवत होती. दहिवरानं चिकटलेली, उन्हानं पापडासारखी झालेली, जागोजागी ताणून बारीक झालेली, कणसांच्या कुसळांत गुंतलेली. सोडवता सोडवता तुटायची. आबा बांधावरनं बघत होते आणि एकदम हसायला लागले, अर्ध्या तोंडानं. आईनं कमरेवर हात ठेवला. "हसायला काय झालं? तुमचाच आवाज हाय त्यो. पाखरं हाकलतोय वावरातली!" आणि ती पण हसली, आणि हसता हसता मटकन खाली बसली. जोंधळ्यात बसलेलं माणूस दिसत नाही. बराच वेळ ती दिसली नाही.

तुझा बाप दुसऱ्याच दिवशी ती पट्टी पिशवीत घालून बारामतीला गेला. दुकानदारानं कॅसेटीच्या सांगाड्यात थोडी भरून बघितली म्हणे. मग हात जोडले. "दादा, ही मशीनमध्ये घातली तर मशीनच खराब होईल. आणि वाजली तरी माणसाचा आवाज यायचा नाही." शूटिंगवाल्याकडं गेला, तर त्यानं मूळ कॅसेटीवर केव्हाच दुसऱ्यांची लग्नं घेतलेली. तुझा बाप त्या दिवशी जेवला नाही. आईनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच त्याला फार लागलं. ती बोलली असती तर सुटला असता. आजही लग्नात आहेर सुरू झाला की तो मांडवातनं बाहेर जातो, बघ कधी.

पट्टी आईनं जोंधळ्याच्या धाटाच्या एका कांडीवर गुंडाळली, सूत गुंडाळतात तशी, तुटलेल्या ठिकाणी गाठी मारून. गाठी मारल्यात बाळ, मी आधीच सांगते. तुझं मशीन त्याला काय म्हणेल मला ठाऊक नाही.

त्यानंतरची एक गोष्ट तुझ्या बापालाही धड माहीत नाही. मी माहेरी गेले की आई दुपारी दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, "म्हण बघ, ह्यांच्यासारखं." लहानपणी मी आबांची नक्कल करायचे, "हांऽऽ ऐका मंडळी," तेव्हा हीच आई पाठीत धपाटा घालायची, "पोरीच्या जातीनं भोंग्यावानी वरडायचं न्हाय." आणि आता तीच म्हणत होती, म्हण. मी म्हणायचे. तुझ्या आईबापाच्या आहेरातले एकेक पाहुणे, जेवढे आठवतील तेवढे. आबा खाटेवर ऐकायचे. चुकलं की डावा हात हलायचा. वर केला की सूर अजून लांब, खाली केला की थांब. थांबायचं मला जमायचं नाही, मी घाई करायचे, तर ते तळवा तसाच धरून ठेवायचे, खाली पडूच द्यायचे नाहीत. आणि नारळ आला की मी कधी उरकून टाकलं तर माच्यावर बोट, टक टक. पुन्हा. पुन्हा म्हणायचं. शालीएवढा होईपर्यंत.

मग आबा गेले, मागनं आई गेली. आता दुपारी दार लोटून कुणी म्हण म्हणत नाही. मी आपली भांडी घासताना म्हणून बघते. पण खरं सांगू का, तो आवाज त्यांचा नव्हे. सूर कुठं ओढायचा, कुठं थांबायचं, ते त्यांच्या हातानं शिकवलेलं आहे, तेवढं बरोबर असेल. आवाज माझाच, बाईचा, आता दात पडल्यानं फुसका झालेला. आणि दरवर्षी तो जास्त जास्त माझाच होत चाललाय. त्यांचा कसा होता ते डोक्यात आणायला गेलं की मधूनच मीच ऐकू येते. याची मला भीती वाटते. ती सीडीसुद्धा आता अडकते, आबा वाढायला वाकतात आणि तिथंच थांबून राहतात.

म्हणून म्हणते, पट्टी पाठवणार नाही. आई गेल्यावर कांडी मी इकडं आणली, माझ्या पेटीत आहे, हळूच धरावी लागते, तू येऊन तुझ्या हातानं ने. तुझ्या मशीनवर काही वाजलं तर मला आधी ऐकव. नाही वाजलं तर बापाला सांगू नकोस. पण येताना ते तुमचं आवाज भरून घ्यायचं घेऊन ये, आणि माझ्यासमोर धर. तुझ्या आईबापाचा आहेर मी पुकारते. सगळे पाहुणे आता आठवत नाहीत, मागच्या वर्षी आठवत होते त्यातलेही काही निसटलेत. खुरपणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं मात्र अजून आहेत माझ्याकडं, बापाच्या नावासकट.

नारळ कालच आणून ठेवलाय, शेंडी काढू दिली नाही दुकानदाराला. तू दारात आलीस की तुझ्या नावापासनंच पुकारायला सुरू करीन. थंडी पडायच्या आत ये, थंडीत माझा घसा बसतो. लवकर ये गं.